खडूने लिहिलेली नावं

गोण्यांवर खडूने नावं लिहिलेली होती.

दुपारची वाढपं उरकून मावशी वाटाणे काढायला कोठीत आली आणि दारातच थबकली. बावीस वर्षं ती या इस्पितळात रांधते, आणि डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणतात. वाळलेल्या वाटाण्यांच्या आठ गोण्या उरल्या होत्या. त्यातल्या पाचांवर नावं. मोठे डॉक्टर. एक्स-रेवाले. भांडारप्रमुख. साहेब. साहेब, सासुरवाडी. बाजूला पाच किलोची एक पिशवी, तिच्यावर लिहिलेलं, मावशी.

सीमा बंद होऊन अकरा दिवस झाले होते. धान्याचे ट्रक पलीकडे रांगेत उभे, माणसं अलीकडे दुकानांपुढे. ज्याला एक किलो लागतं तो वीस किलो उचलत होता आणि बाहेर येऊन म्हणत होता, लोकांना काही ताळतंत्र राहिलं नाही. इस्पितळाचे व्यवस्थापक, म्हणजे साहेब, यांनी फाटकावर सहीनिशी कागद चिकटवला: घाबरू नका, साठा पुरेसा आहे. त्याच संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, उद्यापासून रोग्याला अर्धाच डाव वाढायचा.

मावशीने आठ दिवस अर्धा डाव वाढला. वाढताना कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. चौदा नंबरचा म्हातारा, मांडीचं हाड मोडलेला, ताटली चाटून परत द्यायचा आणि म्हणायचा, "पोरी, सीमा उघडली की पुरा वाढ हं."

"उघडू दे की, बाबा," ती म्हणायची.

म्हाताऱ्याचा अर्धा डाव सीमेने खाल्ला नव्हता. तो इथे होता, खडूच्या नावाखाली.

"सहाला गाड्या मागच्या दाराला लागणार आहेत," भांडी घासणारी तिच्या पाठीमागून म्हणाली. मग पिशवीकडे बघून हसली. "तुझं नशीब उघडलं बाई. माझं नाव कुठे दिसत नाही ते."

"तुझं नाव ठाऊक तरी आहे का कोणाला?"

मावशीच्या घरी डब्यात दोन दिवसांचं पीठ होतं. सून सकाळीच बोलली होती, तुम्ही कोठीवर बसून आणि आपली पोरं अर्धपोटी. मावशीने पिशवी उचलून हातात तोलली. सुनेचं तोंड आठवडाभर बंद झालं असतं. मग पिशवी घेऊन ती पिंपाशी गेली, तोंड सोडलं, उपडी केली आणि नळ सोडला.

"अगं, हे काय करतेस?"

"उद्याचे वाटाणे भिजत घालते. रोज घालते ना."

"रोज एवढे?"

"अजून आहेत. धर ती गोणी त्या बाजूने. आधी सासुरवाडी घे."

वाळलेला वाटाणा वर्ष वर्ष पोत्यात पडून राहतो. एकदा पाणी पिऊन फुगला, की दुसऱ्या दिवशी तो शिजवावाच लागतो. तिसऱ्या दिवशी आंबतो. तो कपाटात दडवता येत नाही की सासऱ्याला पाठवता येत नाही. पिंपं भरली, पातेली भरली, धुलाईखान्यातून टब मागवले, तेही भरले. दोघींच्या कमरेचे काटे ढिले झाले.

सहाला साहेब आले तेव्हा पाच रिकाम्या गोण्या टेबलावर घडी घालून ठेवल्या होत्या. नावं वरच्या बाजूला.

साहेबांनी पिंपाचं झाकण उचललं आणि तसंच खाली ठेवलं. "डोकं फिरलंय का तुमचं, मावशी? एवढं खाणार कोण?"

"दोनशे रोगी. पुरा डाव, दोन्ही वेळा. उरेल ते त्यांच्या माणसांना. बसलीयत ना फाटकाबाहेर, तुमचा कागद वाचत."

"तुमच्यासाठीही काढून ठेवले होते मी. घरात नातवंडं आहेत ना तुमच्या?"

"सगळ्यात आधी तेच ओतले."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "उद्यापासून कामावर यायचं नाही."

"नाही येत. फक्त उद्या हे शिजवायला कोण येतंय ते आत्ताच सांगा. वाटाणे थांबत नाहीत."

साहेबांची नजर कोपऱ्यात गेली. तिथे उरलेल्या तीन गोण्या होत्या, कोऱ्या. त्यांनी आवाज खाली आणला. "बरं. झालं ते झालं. या तीन माझ्या गाडीत ठेवतो. निदान सुरक्षित राहतील."

मावशीने तिन्ही गोण्यांची शिवण आधीच उसवून ठेवली होती. नळाची लांब नळी ओढत ती त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली आणि अंगठ्याने नळीचं तोंड दाबून धरलं.

"नळ सोड गं," ती भांडीवालीला म्हणाली.

नळी फुगली. मावशीच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं.

"या तीन गोण्या रोग्यांच्या दहा दिवसांच्या आहेत, साहेब. तुम्ही हात लावलात तर एका दिवसाच्या होतील."

मागच्या दाराशी मोठ्या डॉक्टरांनी हॉर्न वाजवला. मग आणखी एकदा. साहेब जागचे हलले नाहीत. अंगठ्याखालून एक थेंब सुटला आणि गोणीच्या काठावर पडला, कोरड्या वाटाण्यांपासून बोटभर अंतरावर.