तळहाताएवढा डाग

चादरीची शेवटची घडी उलगडली आणि डाग समोर आला. गंजाचा, तांबूस, तळहाताएवढा, पलंगाच्या अगदी मधोमध.

ताईचे हात तिथेच थांबले. परीक्षेच्या पंचवीस मिनिटांतली एकोणीस सरली होती. तिनं चादर उलटी करून पाहिली. डाग आरपार होता. चादर घेतानाच उघडून बघायची, हा हॉटेलकामाच्या प्रशिक्षणातला पहिल्या आठवड्याचा धडा. पण आज धांदलीत तिनं गठ्ठ्यातली वरची उचलली आणि धावली. दुसरी आणायची तर दोन मजले उतरायला हवे होते.

तिनं ओठ दाबले, चादर ताणली, कोपरे दुमडून गादीखाली खोचले. ताणल्यावर डाग आणखीच ठसठशीत दिसायला लागला.

वर्गात वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून ती ताई. नवरा गेल्यापासून सहा वर्षं भावाच्या घरी राहत होती. भाऊ कधी वाकडं बोलला नाही. पण तिथली भिंत तिची नव्हती, भिंतीतली खुंटीसुद्धा तिची नव्हती. निजायची ती जेवणाच्या टेबलाशेजारी, सगळे उठून गेले की. हॉटेलात नोकरी लागली तर कामगारांच्या इमारतीत एक खोली मिळणार होती. लहानशीच, पण आतून कडी लावता येईल अशी.

"वन्सं, चादरी अंथरायची पण आता शाळा निघाली का?" पहिल्या दिवशी भावजयीनं विचारलं होतं. "मी फुकटात शिकवलं असतं की."

"तुझ्याकडे परीक्षा रोज आणि निकाल कधीच नाही," ताई म्हणाली होती, आणि दोघीही हसल्या होत्या.

दारावर तीनदा टकटक झाली. मॅडम आल्या.

बावीस वर्षं त्या याच मजल्यावर, याच दोन खोल्यांत शिकवत होत्या. मुली पाठीमागे त्यांना दुर्बीण म्हणायच्या. त्या नेहमीसारख्या सफाईच्या ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून, सावकाश आत आल्या.

"नंबर?"

"सात, मॅडम."

नंबर सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

बाथरूमच्या दारात थांबून त्यांनी एक लांब श्वास घेतला. "फिनेल जास्त झालं. पाहुण्याला स्वच्छता कळावी, बाटली कळू नये." नळावर नख वाजवलं. आरशावर बोट ओढलं, आरसा कुईंकन वाजला. "हं. बोलतोय." मग चौकटीवरून, खुर्चीच्या पाठीवरून, खिडकीच्या खाचेतून त्यांची बोटं निघाली, मुंगी वाट काढत जाते तशी, घाई नाही आणि एक जागा सुटणं नाही.

शेवटी पलंग. निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांनी चादरीवरून तळवा फिरवला. तळवा डागावर आला. तिथे जरासा थांबलासुद्धा.

"डावीकडचा कोपरा घाईत खोचलास," मॅडम म्हणाल्या. "बाकी ठीक. कागद घे, मी सांगते ते लिही. आपले गुण आपल्या हातानं लिहिले की जन्मभर लक्षात राहतात."

ताईनं लिहिलं. शंभरात एक्क्याण्णव.

शेजारच्या खोलीत चिमणी होती, वर्गातली सगळ्यांत बडबडी पोरगी. तिला नव्वद पडले. खिडकीच्या खाचेत वाळूचे चार कण राहिले होते. नोकरीची जागा एकच होती.

"दुर्बिणीच्या तावडीतून कण सुटायचा नाही गं बाई," चिमणी नाक पुसत म्हणाली. "ताई, खोली मिळाली की चहाला बोलाव मला. फक्त खिडकी पुसायला लावू नकोस."

दुपारी किल्ली मिळाली. ताईनं ती मुठीत धरली आणि जिन्यातच बसून राहिली. वाळूचा कण न सोडणाऱ्या बाईनं तळहाताएवढा डाग सोडला. का सोडला? तिनं पांढरा होत चाललेला भांग बघितला असेल. भरतीच्या अर्जातलं 'विधवा' बघितलं असेल. सहा वर्षं भावाकडे जे दयेचं खाल्लं तेच आता इथेही ताटात वाढलं होतं, आणि या वेळी ताट दुसरीचं ओढून घेतलेलं होतं. खोली आतून बंद करता येईल, पण ही गोष्ट बाहेर कशी ठेवायची?

ती उठली आणि मॅडमच्या खोलीत गेली.

"सात नंबर, मॅडम. किल्ली परत द्यायला आलेय."

"खोली आवडली नाही?"

"अजून उघडलीच नाही." तिनं किल्ली टेबलावर ठेवली. "मॅडम, माझ्या चादरीवर डाग होता. तुम्ही बघितलात आणि माझी कीव केलीत. उपकार झाले तुमचे, पण ही जागा चिमणीची आहे. तिला बोलवा."

मॅडम खुर्चीत ताठ झाल्या.

"केवढा होता?"

"तळहाताएवढा."

"कुठे?"

ताई गोंधळली. "मधोमध. तुमचा हात त्याच्यावरच तर थांबला होता."

मॅडमची टेबलावरची बोटं हळूहळू मिटली. बाहेर मुली कशावरून तरी खिदळत होत्या.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या. ताईनं दार लावलं. "हे आणखी कोणाला कळलंय?"

"कोणालाच नाही, मॅडम. चादर मीच बाद कपड्यांत टाकून आले."

"चादरीचं नाही गं विचारत," त्या हलकेच म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांचं."