आता आवाज लावा

"बाबा, पास! पास झालो!"

सौरभ मोबाइल हातात धरून आतल्या खोलीतून ओरडतच बाहेर आला. पोपटराव टीव्हीसमोर बसले होते. त्यांनी मानही वळवली नाही.

टीव्हीवर मॅच चालू होती, नेहमीसारखी मुकी. कुणीतरी चौकार मारला आणि पोपटरावांनी टाळी वाजवली. म्हणजे वाजवली नाहीच. दोन्ही तळवे जवळ आणले आणि भिडायच्या आत थांबवले. या घरात दोन वर्षं टाळी अशीच वाजत होती.

कारण सौरभची परीक्षा. नेटवर्किंगचं ते सर्टिफिकेट म्हणजे काय खायचं काम नव्हतं. नोकरी सांभाळून अभ्यास, आणि शेवटी सलग आठ तासांचं प्रॅक्टिकल. भलेभले आडवे होतात. सौरभ दोनदा आपटला. दुसऱ्यांदा आपटल्यावर पुस्तकं माळ्यावर टाकायला निघाला, तेव्हा पोपटरावच आडवे आले. "अजून एकदा बस. घर शांत ठेवायची जबाबदारी माझी."

आणि ठेवलंही. बेलची वायर काढली. शालनताई कुकरची शिट्टी होऊच द्यायच्या नाहीत, सकाळची वंदना मनातल्या मनात म्हणायच्या. चहा हवा का, हे कपबशी धरल्यासारखा हात करून विचारायच्या. पोपटराव तर बोलायचेच कुजबुजत. कट्ट्यावर जाणंही त्यांनी सोडलं होतं. "ह्यांनाच जास्त टेन्शन आलंय," शालनताई सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या.

आता त्या कणीक मळता मळता धावत आल्या आणि पिठाच्या हातानेच त्यांनी लेकाला कवटाळलं. त्यांना रडूच फुटलं. त्या रडण्यानेही पोपटराव वळले नाहीत.

रुसलेत, सौरभला वाटलं. रुसणारच. पहिल्या परीक्षेच्या वेळी बातम्या मोठ्याने लागल्या होत्या म्हणून तो त्यांच्यावर खेकसला होता. "बाबा, जरा अक्कल आहे का? नापास झालो तर तुमच्यामुळे!" पोपटरावांनी निमूटपणे रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. तो पुन्हा कधी लावला नाही. सॉरी म्हणायचं सौरभच्या मनात होतं. पण आधी परीक्षा, मग दुसरी परीक्षा, राहूनच गेलं.

तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मोबाइलवरचा निकाल त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. पोपटरावांनी चष्मा वर सरकवून वाचला. मग उठून पोराला असं घट्ट धरलं की रुसवाबिसवा कसला, काही नव्हतंच.

"जिंकलास," ते कुजबुजले. "जिंकलास रे."

"आता आवाज लावा बाबा. अख्ख्या खडकीला ऐकू जाऊ दे!" सौरभने स्वतःच रिमोट घेतला आणि आवाज चालू केला. घरात एकदम कॉमेंटरी घुमली. शालनताई डोळे पुसत हसल्या. किती दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं.

पोपटराव खुर्चीत बसले, टीव्हीकडे बघत राहिले. मग रिमोटकडे बोट करून म्हणाले, "लाव की."

"लावलाय, बाबा."

"अरे, लाव की आवाज. आता कशाला घाबरतोस?"

सौरभने वाढवला. अजून वाढवला. शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या. दारावर थाप पडली. शेजारचे हिंमतराव बाहेरूनच म्हणाले, "अहो, आमच्याकडे टीव्ही आहे हो! तुमचा कशाला ऐकवताय?"

पोपटराव अजून सौरभच्या हातातल्या रिमोटकडेच बघत होते.

सौरभचा हात थांबला. शालनताई जवळ आल्या. "अहो," त्यांनी हाक मारली. मग मोठ्याने, "अहो, ऐकलं का?" काहीच नाही. शेवटी त्यांनी पिठाचं बोट कानाकडे नेलं आणि नकारार्थी हात हलवला.

पोपटराव एकदा बायकोकडे, एकदा लेकाकडे बघत राहिले.

"म्हणजे तुम्ही मोठ्याने बोलताय?" त्यांनी हळूच विचारलं. "मला वाटायचं, ह्याच्या परीक्षेमुळे तुम्हीच हळू बोलता."

"कधीपासून हो?" शालनताई म्हणाल्या. पण ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं, आणि कधीपासून ते सौरभला कळलं होतं. त्या दिवशी बातम्या एवढ्या मोठ्याने का लागल्या होत्या, हे त्याला आज कळलं. त्याने माफी मागायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

टीव्हीवर षटकार गेला. सगळं मैदान ओरडायला लागलं, ते ओरडणं खोलीत मावेना.

पोपटरावांनी चेंडू सीमेपार जाताना पाहिला आणि खूश होऊन दोन्ही तळवे जवळ आणले. भिडायच्या आत थांबवले. मग सवयीने वळून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आवाज झाला नाही ना म्हणून.