ओळखीचा माणूस

“देवमन, तू भायेर हो,” माणिकबाई म्हणाली.

तिवशाच्या एटीएमवरचा पहारेकरी देवमन निमूट बाहेर आला आणि काचेच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला. चार वर्षं दुष्काळाच्या मदतीचे, निराधारच्या पगाराचे पैसे या बाईला तोच काढून देत आला होता. तिलाच काय, अर्ध्या तालुक्याला. वाचता न येणारी माणसं कार्ड त्याच्या हातात द्यायची, पिन सांगायची, आणि नोटा येईपर्यंत सुनेची गाऱ्हाणी, गाईचं दूध, पोरीचं स्थळ, सगळं सांगून मोकळी व्हायची. देवमनच्या घरी बोलायला भिंतीच होत्या. माणसाच्या आवाजाची भूक इथंच भागायची.

मागच्या महिन्यात गावातल्या केशवरावांचे अठरा हजार कुणीतरी दिल्लीकडच्या मशीनमधून काढले. त्यांचा पिन देवमनला ठाऊक होता. चोर दिल्लीत, सुळी संन्याशाला. पोलिसांनी दोन तास बसवून ठेवून सोडून दिलं; गावाने काही सोडलं नाही. सगळ्यांनी बँकेत जाऊन पिन बदलून घेतले. आता बाया त्याला पाहून कार्ड पदराआड करतात, आणि ते त्याच्या जिव्हारी लागतं.

आत मशीन ओरडलं. जरा वेळाने पुन्हा ओरडलं. नवा नंबर माणिकबाईला तोंडपाठ होता, पण कोणतं बटन कोणत्या आकड्याचं ते कुठे ठाऊक? देवमनला राहवेना. दार किलकिलं करून तो म्हणाला, “काकू, दोनदा चुकलं. आता दाबू नोका. तिसऱ्यांदा चुकलं त कार्ड बंद पडते. मंग उद्यापरेंत पगार अडकून राहीन.”

“मी चुकली, हे तुले भायेरून कसं कयलं?”

देवमन दारातून मागे सरला.

तेवढ्यात हायवेवरचा एक गॉगलवाला मोटारसायकल कडेला लावून पैसे काढायला आला. माणिकबाईने कार्ड सरळ त्याच्या हातात दिलं.

“काकू, याले तुमी वळखता का?” देवमनने विचारलं.

“नाई. सून म्हनते, वळखीच्या मानसाले नंबर सांगू नोको. हा त मले वळखतबी नाई. मंग कायचं भेव?”

आणि शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी अशा आवाजात ती एकेक आकडा सांगू लागली. पहिला कानावर पडताच देवमन पायऱ्या उतरला आणि भराभर रस्त्यापर्यंत गेला. उरलेले तीन त्याला ऐकायचेच नव्हते.

तिथं त्या माणसाची मोटारसायकल उभी होती. देवमनने खिशातलं पेन काढलं आणि गाडीचा नंबर तळहातावर उतरवून घेतला.