आपोआप थांबणारी गाडी

“बघितलंस? थांबली,” केसरीनाथ म्हणाला.

गाडीच्या नाकापुढे हातभर अंतरावर एक रिक्षा आडवी उभी होती. रिक्षावाला हिंदीत शिव्या देत निघून गेला. शेजारच्या सीटवर त्याच्या बायकोने, कमळने, पदर सारखा केला.

“हां, थांबली,” ती म्हणाली.

अंजूरची जमीन गोडाऊनला गेली, त्या वर्षी केसरीनाथने ही जपानी गाडी घेतली. वापरलेली, पण बंदरातून थेट आलेली. दलालाने सांगितलं होतं, पुढे काही आडवं आलं की हिचं मशीन स्वतःच ब्रेक लावतं. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा सतत पेटलेला असायचा, खाली जपानी अक्षरं. पाहुणे आले की केसरीनाथ तो दाखवायचा.

“ह्यो पेटलेला हाय म्हंजे मशीन जागं हाय.”

पूर्ण्याच्या वळणावर पुढचा कंटेनर रिव्हर्स येत होता, तेव्हा गाडी थांबली. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, तेव्हाही. थांबताना कर्र आवाज व्हायचा. केसरीनाथ खूश व्हायचा. “मशीन बोललं बघ.”

त्याचा मुलगा धनेश मागे लागायचा. “बाबा, डोळे दाखवून या. समोरचा माणूस वळखत न्हाय तुम्ही.”

“मला दिसतंय. आन् न्हाय दिसलं तरी गाडीला दिसतं.”

कमळ या वादात कधी पडली नाही. पूर्वी तिला गाडी लागायची. आता मात्र नवऱ्याने किल्ली उचलायच्या आत ती चप्पल घालून ओट्यावर उभी असायची. बाजाराला, लग्नाला, अगदी गोडाऊनवरसुद्धा. बायका चिडवायच्या, या वयात हौस फिटतेय म्हणून. ती हसण्यावारी न्यायची.

मग तिला ताप आला, तो उतरलाच नाही. दवाखान्यात तिने नवऱ्याचा हात धरला.

“आता गाडी धनेशला चालवू द्या.”

“का गं?”

“ऐका माझं.”

“तू बरी हो आधी. गाडीची काळजी नको करू. ती थांबते.”

कमळने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग मान वळवून डोळे मिटले. त्या रात्रीच ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर केसरीनाथने गाडी काढली. पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. तिथे पॅकिंग करणारी मैना डबा घेऊन रस्ता ओलांडत होती. केसरीनाथला समोर काहीतरी हिरवं हलताना दिसलं. त्याने ब्रेकवर पाय ठेवला नाही. गाडी थांबण्याची वाट पाहिली.

मैना जागीच गेली.

केसरीनाथने त्या दिवसापासून अन्न टाकलं. धनेश मात्र इरेला पेटला. “मशीननं दगा दिला. माझ्या बापाचा गुन्हा न्हाय,” हे तो पोलिसांना सांगत राहिला. शेवटी पोलीस ठाण्याच्या आवारात आरटीओचे निरीक्षक गाडी तपासायला आले. बॉनेट उघडून बराच वेळ ते आत वाकून होते.

“तो पिवळा दिवा बिघाडाचा आहे,” ते म्हणाले. “पुढचा सेन्सरच जागेवर नाही. वायरचं टोक गंजलंय. गाडी आली तीच अशी. हे मशीन इथे एकदाही चाललेलं नाही.”

“खोटं हाय,” केसरीनाथ म्हणाला. “किती येळा थांबली ती. मी ब्रेकला पाय लावला न्हाय, तरी थांबली.”

निरीक्षकांनी मागची चाकं उतरवायला लावली. खाली बसून आत पाहिलं आणि हात पुसत उठले.

“हँडब्रेक पार जळून गेलाय. उभ्या गाडीला लावून असा होत नाही. कुणीतरी तो धावत्या गाडीत पुन्हा पुन्हा ओढलाय.” त्यांनी केसरीनाथकडे पाहिलं. “तुमच्या शेजारी कोण बसायचं?”