न बोलणारा न्हावी

“दाबू नकोस रे, रेझर आपल्या वजनानंच चालतो,” असं हे लेकाला पहिल्या दाढीच्या वेळी शिकवत होते, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. आता यांचाच हात थरथरतो. खुंट वाढले म्हणून यांनी मित्रांत जाऊन बसणंही सोडलं, तेव्हा मी म्हटलं, “आता रोज मी करून देईन.”

जप होईपर्यंत माझं मौन असतं. काल सकाळी तशीच ब्रश घेऊन बसले. फेस पातळ झाला. रेझर पहिल्याच हाताला खालून वर ओढला, शिवाय दाबलाही. हनुवटीवर रक्त आलं. माझे डोळे भरले, पण बोलता येईना. हे मात्र हसले, “गप्प बसणारा न्हावी जन्मात पहिल्यांदा भेटला!”

संध्याकाळी हे आमच्या खिडकीखालच्या बाकावर मित्रांत जाऊन बसले. एक जण ओरडला, “काय हो, मांजरानं ओरबाडलं का?”

“न्हावी नवीन आहे,” हे म्हणाले, “पण मी बदलणार नाही.”

आज मी पहाटेच उठले, जप पुरा केला आणि ब्रश कोमट पाण्यात भिजत घातला. ‘दुखतंय का?’ एवढं तरी न्हाव्याला विचारता यायला हवं.