लाल दोरीची कोकरं

शेवटचं कोकरू काट्यावरून उतरलं आणि शेषरावच्या तोंडचं पाणी पळालं. जंताचं औषध घेतलेली लाल दोरीची वीस कोकरं, नुसतं पाणी प्यालेल्या पांढऱ्या दोरीच्या विसांपेक्षा हलकी भरली होती. परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं वरचं शिक्षण घेणाऱ्या या गड्याची १९७६ सालची पदवी याच प्रयोगावर अडली होती. आणि प्रयोग म्हणत होता, औषध कुचकामी आहे.

"काहून तोंड पाडलं, डॉक्टर?" पंचफुलाबाईनं विचारलं. बाळापूरच्या माळावरचा हा कळप तिचा. चार महिने दोरीचा रंग बघून औषधही तिनंच पाजलं होतं.

"लाल दोरीची कोकरं वाढलीच नाहीत, मावशी."

"अवो, जगली ती! समदी मरतुकडी व्हती."

शेषराव चमकला. मरतुकडी सगळी एकाच रंगात कशी येतील? दोऱ्या चिठ्ठ्या टाकून बांधल्या होत्या, आजारी आणि धडधाकट दोन्हीकडे सारखी पडावीत म्हणूनच. त्यानं एकेक कान धरून बिल्ल्याचा आकडा पहिल्या दिवसाच्या यादीशी ताडला. अकरा लाल आणि अकरा पांढऱ्या दोऱ्यांची अदलाबदल झाली होती. हे त्यानं तोलतानाच बघायला हवं होतं, पण कंटाळा केला होता.

"म्याच बदलल्या," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमी गेले त्याच दिशी. मरायला टेकलेल्या लेकराला नुसतं पाणी पाजू व्हय? चिठ्ठीला काय कळतंय कोण आजारी हाय ते?"

"चिठ्ठीला कळत नाही, म्हणूनच तर ती टाकायची!"

ओरडला खरा, पण हात वहीकडे गेला. पहिल्या दिवसाची वजनं लिहिलेली होती. त्यानं एकेकाची वाढ काढली. बाईनं निवडलेली अकरा कोकरं मुळात सगळ्यांत हलकी होती आणि तीच सगळ्यांत जास्त वाढली होती. चिठ्ठीनं लाल ठरलेली उरलेली नऊही पांढऱ्यांपेक्षा सरस. औषध लागू पडलं होतं! शेषरावला इतकं हायसं वाटलं की तो तिथंच लेंड्यांत बसला.

खरा प्रयोग मात्र आता म्हणता येणार नव्हता. निवड चिठ्ठीनं नाही, मायेनं झाली होती. अशक्तांना बाईनं चाराही जास्त घातला असेल, ती आपोआपही सावरली असतील. ही शंका प्रबंधात उघड मांडायची आणि लिहायचं, प्रयोग नव्हे, प्रयोगासारखं काही. त्यात लाजायचं काय? लपवलं असतं तर गोष्ट वेगळी.

"तुमचं काम बुडवलं का म्या?"

"नाही मावशी. पण पुढच्या साली दोरीला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत. पर मरायला टेकलेली आदी बाजूला काढा, त्याहीला दवा द्या. मंग राहिलेल्यांवर टाका तुमच्या चिठ्ठ्या."

"थांबा, पुन्हा सांगा," म्हणत शेषरावनं पेनाचं टोपण काढलं.