पाच महिन्यांचं अंतर

माझा नातू तहा शारजाच्या कॉलेजात फुटबॉल खेळायचा, एकवीसच्या आतल्यांच्या संघात. त्याची बहीण सुमैय्या त्याच कॉलेजात गेली आणि हापिसातल्या बाईने दोघांचे पासपोर्ट शेजारी ठेवले. जन्मतारखांत अंतर पाच महिन्यांचं. एका आईच्या पोटी असं होत नाही, म्हणजे पोराने वय चोरलं, असं त्यांनी ठरवून टाकलं. तहाला काढलं आणि संघाला शिक्षा लावली, वर्षभर खेळायचं पण जिंकलं तरी गुण शून्य. पोरांनी नऊच्या नऊ सामने जिंकले, तरी तक्त्यात तळालाच. मित्रांनी तहाच्या बॅगेवर 'चीटर' लिहिलं.

"दादी, प्लीज," तो आज जेवता जेवता म्हणाला. "सरांना सांग ना, माझी डेट खरी आहे. दे विल लिसन टू यू."

"खोटी आहे. शाळेत घालताना दोन वर्षं मीच कमी लावली. तसं सही करून दिलंय मी तुझ्या सरांना. खलास."

"मग मी खरंच चीटर?"

"हो. जेव आता."

हमीदा, माझी बिनलग्नाची लेक, तव्यावरची भाकरी सोडून दारात आली. तिने तोंड उघडलं.

"भाकरी करपतेय," मी म्हटलं. ती आत गेली.

पासपोर्टात तारीख खरीच आहे पोराची. खोटं आहे ते आईचं नाव, आणि मी जिवंत असेपर्यंत ते बदलणार नाही.